उजेडाचा आकडा

त्या सोमवारी सकाळी नेहमीसारखा कॉम्प्युटर सुरू केला, पडदा पांढरा झाला आणि माझा उजवा डोळा मिटला. मी मिटला नव्हता, तो आपोआप मिटला. उघडायला गेले तर पाण्याची धार लागली.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणारा एक छोटा कारखाना आहे. बादल्या, झाकणं, मसाल्याचे डबे. पोलादात साचा कोरण्याआधी त्याचं बारीकसारीक ड्रॉइंग तयार करावं लागतं. ते काम सोळा वर्षं मी करते आहे. म्हणजे सोळा वर्षं मॉनिटरसमोर बसले आहे, आणि त्याच्याकडे पाहवत नाही असं कधी झालं नव्हतं.

"डोळे आले असतील वं," पॅकिंगमधली मैत्रीण म्हणाली. मलाही तेच वाटलं. औषधाच्या दुकानातून थेंब आणले आणि आठ दिवस त्यावर काढले. दिवस मे महिन्याचे होते. बेशातल्या घरापासून हिंगण्यापर्यंत स्कूटरवर जाताना एक डोळा मिटून, एकाच डोळ्याने रस्ता बघत जायचे. हा मूर्खपणा होता, तो मी लपवत नाही. नवव्या दिवशी भुवईच्या वर कोणी अंगठा रुतवून ठेवल्यासारखं दुखू लागलं आणि अक्षरांभोवती धूर दिसायला लागला, तेव्हा सुट्टी टाकून डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले.

हनुवटी टेका, वर पहा

डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. हनुवटी टेकवायच्या यंत्रावर त्यांनी माझ्या डोळ्यात प्रकाशाची बारीक तिरीप सोडली. मी ओरडलेच. त्या थांबल्या, दिवा कमी केला, पुन्हा पाहिलं.

"हे डोळे येणं नाही," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या आत सूज आहे. उजव्यात जास्त, डाव्यातही सुरुवात आहे."

माझा डावा डोळा मला अगदी ठणठणीत वाटत होता.

"मॅडम, मी ड्राफ्ट्समन आहे. माझं सगळं डोळ्यांवर आहे. डोळा जाईल का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हा आजार नुकसान करू शकतो. सगळ्यांचं करत नाही, आणि त्याला उपचार आहे. आज एवढंच खरं सांगू शकते. तपासण्या झाल्या की आणखी सांगीन."

मला वाटलं होतं, त्या पाठीवर हात ठेवून म्हणतील, काही होत नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत म्हणून मला त्यांचा राग आला. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी जे जे सांगितलं ते तसंच निघालं, आणि त्या भरवशावर मी बरी झाले असं आज वाटतं.

रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. कारण सापडलं नाही. "पुष्कळदा सापडत नाही," मॅडम म्हणाल्या. सूज मागच्या पडद्याकडे सरकत होती, म्हणून तीन दिवस भरती व्हायला सांगितलं.

वॉर्ड

वॉर्डात दिवस घड्याळावर नाही, थेंबांवर चालायचा. दर तासाला सिस्टर यायच्या. "ताई, वर पहा." एक थेंब सुजेवरचा. पाच मिनिटांनी दुसरा, बुबुळ मोठं करणारा. त्या दुसऱ्या थेंबाने डोळ्याचं दार सताड उघडं राहतं आणि मिळेल तो सगळा उजेड आत घुसतो. हाताला सलाइनमधून स्टेरॉइड. तोंडात दिवसभर नाणं चघळल्यासारखी चव.

व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. सकाळच्या थेंबांना बाया-माणसं सगळे तिथे रांगेने बसत. माझ्या शेजारी कन्हानचे गजभिये काका असायचे. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, काचबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि गप्प बसणं स्वभावात नाही.

"काय करतं, बाई?"

"कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते, काका. आता काढता येईल का नाही, माहीत नाही."

"काहून नाही येणार? आम्ही खाणीतून वर आलो का एकदम उन्हात नव्हतो जात. पहिले शेडमधात उभं राहायचं. मंग दारात. मंग बाहेर. नवा पोरगा घाई करे अन् डोळे धरून खाली बसे. डोळ्याले टाइम द्या लागते, बाई. त्याच्यावर जबरदस्ती चालत नाही."

त्यावर मी नुसतं हो म्हटलं. वॉर्डात प्रत्येक जण प्रत्येकाला काही ना काही सल्ला देतच असतो.

कूलर

माझा नवरा विलास. आम्ही आयटीआयमध्ये भेटलो, तो टर्नरच्या ट्रेडला, मी ड्राफ्ट्समनच्या. तो हिंगण्यालाच दुसऱ्या कारखान्यात लेथवर आहे. मुलगी शिकायला बाहेरगावी, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

घरी आल्यावर पहिलं भांडण कूलरवरून झालं. आमचा कूलर खिडकीत बसवलेला. त्याच्या चारी बाजूंच्या फटींतून मे महिन्याचं ऊन सरळ माझ्या पलंगावर यायचं. खिडकीवर घोंगडी टाकली तर कूलरला हवा नाही. उजेड नको तर उकाडा, आणि गारवा हवा तर डोळ्यांत सुया. विलासने पहिल्या पाळीवरून येऊन पुठ्ठे कापले, फटीफटीत बसवले. तरी एक कोपरा राहिला.

"तिथं अजून येऊन राहिला उजेड," मी म्हटलं.

"अवं, चार वेळा लावला पुठ्ठा."

"तुले दिसत नाही का? का मीच आंधळी झाली आता?"

स्टेरॉइडने चेहरा फुगतो, भूक खवळते, झोप उडते. हे कागदावर लिहिलेलं असतं. पण माणूस दुष्ट होतो हे कुणी सांगत नाही. मी झाले होते. फ्रिज उघडला की त्यातला दिवा लागायचा, त्यावरून ओरडायचे. फोन पाहत बसला की ओरडायचे. एका दुपारी तो आपलं ताट घेऊन उठला आणि बाहेर जिन्यात जाऊन जेवला. मला भांड्याचा आवाज ऐकू येत होता. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. हा प्रसंग लिहू की नको असा विचार केला. मग लिहिला, कारण या आजारात घरातल्या माणसालाही काही तरी होत असतं आणि त्याचा केसपेपर कुठेच निघत नाही.

चार मिनिटं

सहाव्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, सूज उतरते आहे, थोडं थोडं काम करायला हरकत नाही. आमच्या कारखान्याचे वानखडे साहेब भले माणूस. त्यांनी माझा डेस्कटॉपच घरी पाठवून दिला. वर फोन केला.

"प्रज्ञाताई, डब्याच्या झाकणाचा साचा आहे. तुमच्याच हातचा पाहिजे. जमेल तसं करा. पण महिनाभरात तुमच्याच्यानं होणार नसेल तर मले स्पष्ट सांगा. मंग मी दुसरा माणूस पाहतो."

त्यांचं बोलणं रास्त होतं. म्हणूनच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी खोली अंधारी करून, काळा चष्मा लावून कॉम्प्युटर सुरू केला. आमच्या ड्रॉइंगचं पान काळं ठेवता येतं, पण गिऱ्हाइकाचे कागद आणि मेल सगळे पांढरेफटक. पहिलाच कागद उघडला आणि तोंडावर गाडीचा दिवा आल्यासारखं झालं. चार मिनिटं दात आवळून बसले. मग मोरीत जाऊन उलटी केली.

मॉनिटर जुना. खालची बटणं कधीचीच बसलेली, फक्त चालू-बंदचं चालायचं. कारखान्यात भरपूर ट्यूबलाइट होत्या, तिथे त्याचा उजेड पूर्ण ठेवलेला असायचा, कमी करायची गरजच पडली नव्हती. आता गरज होती आणि बटण नव्हतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. दिसतंय, पण पाहता येत नाही, अशी माझी गत झाली होती. नजर शाबूत राहिली तरी काम जाईल, हे मी तोवर धरलंच नव्हतं.

विलास आणि माउस

विलास आला तेव्हा मी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडले होते. काय झालं ते सांगितलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सांग. मी करतो."

विलासने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. लेथवर तो केसाच्या जाडीइतकं लोखंड उतरवतो, पण माउस पहिल्यांदाच धरत होता.

"खाली खिडकीचं चिन्ह दिसते का?"

"दिसते."

"ते दाब."

"कायनं?"

"माउसनं गा! बोट लावू नोको पडद्याले."

डोळे झाकून मी आठवणीतून सांगत होते, तो एकेक अक्षर लावत वाचत होता. सेटिंग, सिस्टम, डिस्प्ले. 'नाईट लाईट' असं लिहिलेलं त्याने चालू केलं.

"पिवळं झालं."

"उजेड कमी झाला?"

"नाही. तेवढाच आहे. पिवळा आहे फक्त."

लॅपटॉपवर उजेड कमीजास्त करायची पट्टी तिथेच असते. डेस्कटॉपवर ती दिसत नाही, कारण मॉनिटर ही वेगळी वस्तू, त्याचा उजेड त्याच्या बटणांनी बदलायचा असं धरलेलं असतं. म्हणजे आम्ही पुन्हा त्या मेलेल्या बटणांपाशीच आलो होतो. मी म्हटलं, सोड. पण विलासला अडलेलं यंत्र सोडता येत नाही. त्याने फोनवर शोधलं आणि मोठ्याने वाचून दाखवू लागला. कॉम्प्युटरवर एक लहानसं फुकटचं सॉफ्टवेअर टाकता येतं. ते केबलमधूनच मॉनिटरला हुकूम देतं, उजेड कमी कर, जास्त कर. बटणांची गरज नाही.

ते उतरवून घ्यायला आम्हाला पाऊण तास लागला. सुरू केलं, तर पट्टी दिसली पण हलेना.

"हुकूम जातच नसन," तो म्हणाला आणि टेबलामागे वाकला. "हे मधात काय लावलं वं?"

जुनी केबल नव्या कॉम्प्युटरला बसावी म्हणून कारखान्यात कुणी तरी मध्ये एक छोटा जोड लावला होता. त्यातून चित्र जात होतं, हुकूम जात नव्हता. मॉनिटरला सरळ केबलची जागा होतीच, पण ती कुणी वापरली नव्हती. विलास तसाच बेशातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला आणि सरळ केबल घेऊन आला.

"आता पाहा. नव्वद. ऐंशी. सत्तर."

रुमालाच्या आतूनही मला कळलं. पापण्यांवरचा लाल रंग हळूहळू गडद होत होता.

"चाळीस. वीस. शून्य. काढ रुमाल."

मी काढला. पुष्कळ कमी झालं होतं, तरी डोळा पुन्हा मिटला. शून्याच्या पुढे काय असणार?

"थांब," तो म्हणाला. "इथं अजून एक पट्टी आहे. शून्याच्या खालची."

त्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी सोय होती. मॉनिटरचा दिवा आणखी मंद करता आला नाही, तर ते चित्रावरच एक करडा पडदा ओढतं. विलासने तो थोडा थोडा ओढला. मी एक डोळा किलकिला केला, मग दोन्ही. समोर झाकणाचं ड्रॉइंग होतं. राखाडीवर राखाडी रेघा, पावसाळी संध्याकाळी काचेतून पाहावं तसं. पण कडेची गोलाई दिसत होती, झाकण फिरवायच्या आट्यांच्या खाचा दिसत होत्या.

"दिसून राहिलं," मी म्हटलं.

विलास उठून चहा ठेवायला गेला आणि चहात साखर घालायची विसरला.

चढती पट्टी

पहिल्या दिवशी दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी दोनदा दहा मिनिटं. खोलीही मी फार काळी ठेवली नाही. मॅडमनी सांगितलं होतं की मिट्ट अंधारात राहिलं तर डोळा आणखीच हळवा होतो. दर दोन-तीन दिवसांनी पट्टी थोडी वर. करड्या पडद्याची गरज संपली तो दिवस, पाचवर आले तो, दहावर आले तो. मला अजून बारीक लिहिता येत नव्हतं, म्हणून कामावरून आला की विलास भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तारखेखाली आकडा लिहायचा. तो रोज विचारायचा, "आज किती?" या एका प्रश्नाने घरातलं वातावरण बदललं. 'कसं वाटते' या प्रश्नाला मी रोज चिडायचे. 'किती' ला उत्तर देता येत होतं.

एक चूकही झाली, ती सांगते. उजेड इतका कमी असला की रंग एकमेकांत मिसळतात. आमच्याकडे आतल्या लपलेल्या कडेची रेघ एका रंगात, मधल्या अक्षाची दुसऱ्या रंगात. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. झाकणाच्या साच्यात एक छिद्र मी अर्ध्यावर थांबवायच्या ऐवजी आरपार दाखवलं. कागदावर छापून टेबलावर ठेवलं होतं. विलासने जेवता जेवता पाहिलं.

"हे आरपार आहे का?"

"नाही. काहून?"

"मंग इथं आरपार दिसून राहिलं. मी लेथवर असतो तर भोक पाडून मोकळा झालो असतो."

तसं पोलाद कापलं गेलं असतं तर साचा भंगारात गेला असता, आणि वानखडे साहेबांनी माझ्या जागी माणूस पाहिला असता. त्या दिवसापासून आम्ही नियम केला. माझं ड्रॉइंग कागदावर छापायचं आणि विलासने पाहिल्याशिवाय पाठवायचं नाही. वीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांचं काम पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

झाकणाचा साचा बनला, झाकण डब्यावर बसलं. वानखडे साहेबांचा फोन आला. "ताई, पहिल्याच फटक्यात बसलं. कधी येता?"

गणपतीच्या सुमारास मी कामावर गेले. डेस्कटॉप सरळ केबलसकट परत नेला, ते सॉफ्टवेअर त्यात होतंच. माझ्या टेबलाजवळून जाणारे विचारत, "मॅडम, पडदा बंद आहे का?" मी म्हणायचे, "तुमच्यासाठी बंद, माझ्यासाठी चालू."

आज तीस काहून

दिवाळीनंतर मी अठ्ठेचाळीसवर स्थिर झाले होते. थेंब दिवसातून एकदाच. आजार मागे पडला असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

एका गुरुवारी कामावर जायची तयारी करत होते. विलासची त्या आठवड्यात दुसरी पाळी, म्हणून तो सकाळी घरीच होता. कॅलेंडरसमोर उभा राहून म्हणाला, "सोमवारी अठ्ठेचाळीस. मंगळवारी एक्केचाळीस. काल तीस. काहून?"

"थकली असन. काम जास्त आहे."

"दुखते?"

"नाही."

"लाल आहे?"

"नाही गा, काहीच नाही."

"मंग तीस काहून?"

पट्टी मीच खाली ओढली होती, पण लक्षात न येता, थोडी थोडी. त्याने कॅलेंडरचं पान फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि मोटरसायकलची चावी घेतली. मी वानखडे साहेबांना कळवेपर्यंत तो खाली गाडी चालू करून उभा होता.

मॅडमनी यंत्रातून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"सूज परत सुरू झाली आहे. अगदी थोडी आहे. लाली नाही, दुखत नाही, मग तुम्ही आलात कशा?"

विलासने खिशातून पान काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलगडलं, आकड्यांवरून बोट फिरवलं.

"हे काय आहे?"

"मॉनिटरचा उजेड आहे, मॅडम. हिले किती चालते तो," विलास म्हणाला. "रोज लिहितो. ड्युटीवरून आलो का."

त्या विलासकडे वळल्या. "मागच्या वेळी या दुखू लागल्यावर आल्या होत्या. या वेळी त्याच्या आधी आल्या. आता थेंबांवर भागेल. भरती नाही, गोळ्या नाहीत." मग सिस्टरला हाक मारली आणि त्या पानाची झेरॉक्स काढून माझ्या केसपेपरला लावायला सांगितली.

हा आकडा म्हणजे काही औषध नव्हे, की तपासणीही नव्हे. नुकतंच ज्यांना डोळ्याच्या आतल्या सुजेचं हे निदान झालं असेल त्यांनी माझं वाचून डॉक्टरकडे जाणं टाळू नये. पण आपल्या डोळ्याला आज किती उजेड चालला हे लिहून ठेवा, आणि तुम्हाला लिहिता येत नसेल तर घरातल्या माणसाला लिहू द्या. त्यालाही हाताला काम हवं असतं. दुसऱ्या वेळची माझी सूज पाच आठवड्यांत गेली. उजव्या डोळ्यात एका कडेला थोडा धूर राहिला आहे, तो राहणार. कामाला तो आड येत नाही.

त्या गुरुवारी मात्र थेंबांनी बुबुळं मोठी झाली होती आणि हॉस्पिटलबाहेर दुपारचं ऊन होतं. पायरीवर मी थबकले. जिन्यात ताट घेऊन बसलेला विलास मला आठवला, आणि इतक्या महिन्यांनी म्हणायला तोंड उघडलं.

"विलास, मी त्या वेळी तुले फार—"

"नंतर बोल," तो गाडीला किक मारत म्हणाला. "मले दुसऱ्या पाळीले जा लागते. मागं बस अन् डोळे मिट."

मी बसले, त्याच्या पाठीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. तो घरापर्यंत झाडांच्या सावलीचा, लांबचा रस्ता घेऊन गेला.